स्वस्त लॅपटॉप की महागडा? पैसे नक्की कशात घालायचे ते आधी बघू

दरवर्षी जून उजाडला की माझा फोन सुरू होतो. सीईटीचा निकाल, ॲडमिशनचे राउंड, आणि त्यामागोमाग नात्यातल्या कुणाचं तरी, "दादा, लॅपटॉप कोणता घेऊ?" यंदा मामेबहीण होती, मेकॅनिकलला ॲडमिशन घेतेय. तिला मॅकबुक हवी होती कारण मैत्रिणीकडे आहे. आणि मामाचं म्हणणं, "अरे ३० हजारात येतो की, दुकानात बघून आलोय मी, त्यावर पण तेच विंडोज, तेच वर्ड, मग लाखभर कशाला घालायचे?" दोघं फोन स्पीकरवर ठेवून माझ्याकडून न्याय मागत होते.

मामाचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाहीये. २०२२-२३ मध्ये इंटेलचा आय५-१२३५यू हा एकच प्रोसेसर ४५-५० हजारांच्या प्लास्टिक बॉडीवाल्या लॅपटॉपमध्येही मिळायचा आणि ८०-९० हजारांच्या मेटलवाल्यातही. रॅम (चालू कामाची मेमरी) तेवढीच, एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) तेवढीच, बॉक्सवरचं स्टिकर तेच. मग वरचे ३०-४० हजार गेले कुठे? ते गेले स्क्रीनमध्ये, बिजागरीत, कीबोर्डात, बॅटरीत आणि वॉरंटीत, म्हणजे दुकानदार जे वाचून दाखवतो त्यात जे नसतं त्यात.

हे मला कळायला माझे स्वतःचे पैसे जावे लागले. २०१७ मध्ये घाईघाईत एक लॅपटॉप घेतला, कंपनीचं नाव घेत नाही, आकडे बघून घेतला होता, त्या किमतीत सगळ्यात जास्त रॅम आणि सगळ्यात मोठी हार्ड डिस्क. बरोबर १४ महिन्यांनी एकदा झाकण उघडलं तर डावीकडून कट्ट आवाज आला आणि स्क्रीनची कड सुटून वर आली. वॉरंटी १२ महिन्यांची. रिपेरिंगवाल्याने माझ्यासमोर उघडला तेव्हा दिसलं, बिजागरी स्वतः लोखंडाची आणि ठणठणीत होती, पण ती ज्या स्क्रूंनी बसवली होती ते स्क्रू पितळेच्या बारीक नटांत आणि ते नट नुसत्या प्लास्टिकच्या नळीत रोवलेले. झाकण उघडताना दरवेळी सगळा जोर त्या नळीवर. ती चिरली आणि नट मुळासकट बाहेर. आटे गेले असते तर निदान काहीतरी जुगाड झाला असता, इथे आटे धरायला जागाच उरली नव्हती. इपॉक्सी भरून दिलं त्याने, ते टिकलं पाच महिने. पुढे दोन वर्षं तो लॅपटॉप मी भिंतीला टेकवून वापरला.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे आणि खालचं सगळं त्यावरच उभं आहे. लॅपटॉपमध्ये काही गोष्टी नंतर बदलता येतात आणि काही जन्मभर तशाच राहतात. ज्या बदलता येत नाहीत त्यात पैसे घाला, ज्या बदलता येतात त्यात आत्ता वाचवा. आपल्याकडे लोक नेमकं उलटं करतात, १ टीबी एसएसडीसाठी ५ हजार जास्त देतात आणि स्क्रीन मात्र असली घेतात की खिडकीजवळ बसलं की स्वतःचंच तोंड दिसतं.

पायरी १: लॅपटॉप बाजूला ठेवा, आधी तुमचा दिवस बघा

कागद घ्या किंवा फोनच्या नोट्समध्ये लिहा. लॅपटॉप दिवसाला किती तास उघडा असणार, त्यातले चार्जरशिवाय किती, आणि तो रोज पाठीवर जाणार की टेबलावरच राहणार. बस, या तीन उत्तरांनी अर्धा निर्णय होतो.

रोज कल्याणहून लोकलने जाणाऱ्याला १.३ किलो आणि १.८ किलोतला फरक संध्याकाळी साडेसहाच्या गर्दीत खांद्याला कळतो, त्यात डबा, छत्री, पाण्याची बाटली धरा. घरी टेबलावर बसून दुकानाचे हिशेब करणाऱ्याला तोच फरक शून्य. आणि जो टेबलावरच राहणार आहे त्याच्यासाठी एक आगाऊ सल्ला, तुम्हाला खरंच लॅपटॉप लागतो का ते बघा, कारण तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त चांगला येतो आणि दहा वर्षांनीही कोपऱ्यावरचा माणूस तो दुरुस्त करून देतो. लाइट जाणाऱ्या गावात मात्र लॅपटॉपच बरा, बॅटरी हीच इन्व्हर्टर.

पायरी २: कुठलं सॉफ्टवेअर चालवायचंय ते ठरवा, मॅकचा वाद इथेच मिटतो

मामेबहिणीचा मॅकचा हट्ट इथेच संपला. मेकॅनिकलवाल्यांचं थ्रीडी डिझाइनचं सॉलिडवर्क्स मॅकवर चालत नाही. सिव्हिलवाल्यांचं रेव्हिट पण नाही. ऑटोकॅडचं मॅक व्हर्जन आहे, पण कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोजवालं असतं आणि सर शिकवतात त्यानुसारच. कॉमर्सवाल्यांनो, टॅलीप्राइम विंडोजचं आहे. डीटीपीवाल्या मंडळींच्या श्रीलिपीतल्या जुन्या फाइली असतात, त्यांनीही विंडोज सोडू नये. जुगाड करून मॅकवर विंडोज चालवता येतं हे मलाही माहितीये, पण १ लाखाची वस्तू घेऊन पहिल्या दिवसापासून जुगाड कशाला?

उलट बाजू पण सांगतो. लिखाण, कोडिंग, फोटो, व्हिडिओ, दिवसभर ब्राउझर, असं काम असेल आणि बजेट खरंच असेल तर मॅकबुक एअरला तोड नाही. ॲपलच्या एम४ चिपवाली मार्च २०२५ मध्ये ९९,९०० ला आली, १.२४ किलो, पंखाच नाही त्यामुळे आवाज शून्य, बॅटरी दिवसभर जाते. बेस मॉडेलमध्ये आता १६ जीबी रॅम मिळते. पूर्वी ८ द्यायचे आणि वरच्या ८ साठी वेगळे पैसे लावायचे, ते ऑक्टोबर २०२४ पासून बंद झालं. पण लक्षात ठेवा, त्यात रॅम किंवा स्टोरेज नंतर वाढवता येत नाही, जे घ्याल ते शेवटपर्यंत. सेलमध्ये जुनी एम१ एअर ६० हजारांच्या आत बघून लोकांचे हात शिवशिवतात, ती मशीन २०२० ची आहे आणि ८ जीबीत अडकलेली. घरी एखाद्याला हलक्या कामाला हवी असेल तर हरकत नाही, पण पाच वर्षं कॉलेज-नोकरी काढायला मी घेणार नाही.

पायरी ३: जे बदलता येत नाही ते हाताने तपासा

इथे वेळ घालवा. ऑनलाइनच घ्यायचा असला तरी एकदा दुकानात जाऊन तेच मॉडेल, निदान त्याच सिरीजचं, हातात घेऊन बघा, त्याला पैसे पडत नाहीत.

आधी झाकण. एका बोटाने उघडून बघा आणि खालचा भाग उचलला जातोय का बघा. मग स्क्रीनचा वरचा एक कोपरा धरून हलकेच उघड-मीट करा. दुसऱ्या टोकाला स्क्रीन वळून मागून येत असेल, म्हणजे आधी एक बाजू हलते मग दुसरी, तर झाकण लेचंपेचं आहे. आणि हो, आयुष्यभर लॅपटॉप कोपऱ्याने नाही तर मधोमध धरून उघडायचा, माझी बिजागरी जाण्यात माझाही वाटा होता हे आता कबूल करतो.

मग कीबोर्ड. मधल्या कीजवर जरा जोराने दाबा. सगळा पत्रा, खरंतर सगळं प्लास्टिक, खाली दबत असेल तर रोज दोन तास टाइप करणाऱ्याने पुढच्या मॉडेलकडे वळावं. नोटपॅड उघडून मराठीत चार ओळी टाइप करा, आपलं टायपिंग शिफ्ट फार मागतं, त्यामुळे शिफ्टची की आखूड आहे का हे इंग्रजी टाइप करणाऱ्यापेक्षा आपल्याला जास्त टोचतं. दुकानदार बघत राहील, बघू दे.

आणि स्क्रीन. बजेट आणि प्रीमियममधला सगळ्यात मोठा फरक इथे आहे आणि स्पेक्समध्ये तो "फुल एचडी" या एका शब्दाखाली दडवलेला असतो. १९२० बाय १०८० तर आता सगळेच देतात (३० हजाराच्या आत अजून कुठेतरी १३६६ बाय ७६८ सापडतो, तो बघताक्षणी परत ठेवा). खरा प्रश्न ब्राइटनेस आणि रंगांचा. स्वस्तात २२०-२५० निट्स (निट्स म्हणजे ब्राइटनेसचं माप) आणि ४५ टक्के एनटीएससी असतं, एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवते त्याची मापं. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीच्या साधारण ६२-६५ टक्के, म्हणजे लाल रंग विटकरी दिसतो आणि माणसांचे चेहरे आजारी. एक्सेल करणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. पण लग्नाचे फोटो एडिट करून देणारा मुलगा तसल्या स्क्रीनवर रंग वाढवत नेतो आणि क्लायंटच्या फोनवर नवरी भगवी दिसते, हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. रंगांचं काम असेल तर १०० टक्के एसआरजीबी लिहिलेलं असायलाच हवं, ओएलईडी (गडद रंगांची महागडी स्क्रीन) असेल तर सोन्याहून पिवळं. बाकीच्यांनी निदान ३०० निट्स आणि आयपीएस बघा, म्हणजे कुठल्याही बाजूने रंग नीट दिसणारं पॅनल; टीएन हे त्याचं स्वस्त भावंड. टीएन पॅनल ओळखायचं सोपं आहे, स्क्रीन मागे झुकवत न्या, वरून किंवा खालून बघताना रंग उलटेपालटे झाले की समजायचं.

पोर्ट पण बघा, पटकन सांगतो. यूएसबी-सी वरून चार्ज होणारा घ्या. गोल पिनवाला चार्जर गावाला विसरला की दोन दिवस बोंब. सी वाला असला की ६५ वॉटचा कुठलाही बरा पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) चार्जर चालतो, घरात एखादा असतोच कुणाकडे तरी. पण सी पोर्ट दिसला म्हणजे चार्जिंग होतंच असं नाही, स्वस्तात तो फक्त डेटाचा असतो, विचारून घ्या.

पायरी ४: प्रोसेसरच्या नावात फसू नका

"साहेब आय५ आहे" हे वाक्य म्हणजे "साहेब चारचाकी आहे" यासारखं. पुढचे आकडे वाचा.

रायझनची, म्हणजे इंटेलची स्पर्धक एएमडीच्या प्रोसेसरची, गंमत दाखवतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. दोन्ही ५, दोन्ही ७ हजारी, ऐकायला भाऊ-भाऊ. या ७००० सिरीजमध्ये तिसरा आकडा आतली पिढी सांगतो. ७५२०यू मध्ये तो २, म्हणजे झेन २ (झेन हे एएमडीच्या आतल्या पिढीचं नाव), जी मुळात २०१९ ची बनावट, आणि कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, ४. ७५३०यू मध्ये ३, म्हणजे झेन ३, आणि कोअर ६. शिवाय ७५२०यू बरोबर येणारी रॅम बोर्डावर चिकटवलेलीच असते, वाढत नाही. पहिला आकडा ७ असला तरी तो नुसतं मॉडेलचं साल सांगतो. नव्या वर्षाचं लेबल, जुना माल. दुकानात दोघांच्या किमतीत ३-४ हजारांचा फरक असतो आणि लोक स्वस्तातला "रायझन ५" उचलून खूश होतात.

इंटेलमध्ये मागचं अक्षर बघा. यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे दणकट पण बॅटरी पिणारा. आणि सेलेरॉन किंवा एन४०२०, एन४५०० असलं काही दिसलं तर ते फक्त पोराच्या ऑनलाइन क्लासपुरतं आहे, त्यावर दहा टॅब उघडले की पंखा नाही तर आपलंच डोकं गरम होतं. आय३-१२१५यू मात्र सहा कोअरचा आहे आणि साध्या कामाला छान पुरतो, "आय३ नको" म्हणणाऱ्यांनी जुन्या आय५ पेक्षा तो चांगला आहे हे मान्य करायला हवं. कोअर अल्ट्रा ही डिसेंबर २०२३ पासूनची नवी नावं. बॅटरीच्या बाबतीत त्यांनी बरीच सुधारणा केलीये, पण पायरी ३ मध्ये नापास झालेल्या बॉडीत अल्ट्रा बसवलेला असला तरी तो नापासच.

गेमिंग लॅपटॉपचं एका दमात सांगतो. इंजिनिअरिंगच्या पोरांना आरटीएक्स ३०५० (वेगळं ग्राफिक्स कार्ड) हवाच असतो आणि कारण "प्रोजेक्टसाठी" असतं. दोन किलोच्या वर वजन, चार्जर म्हणजे वीट, बॅटरी दोन-तीन लेक्चरची. थ्रीडी, व्हिडिओ, मशीन लर्निंग खरंच करणार असाल तर घ्या. फर्स्ट इयरच्या ड्रॉइंगला आणि सॉलिडवर्क्सच्या साध्या पार्ट्सना प्रोसेसरमधलं ग्राफिक्स चालून जातं.

पायरी ५: जे बदलता येतं ते ओळखा

रॅम आणि एसएसडी. पण थांबा, सगळ्याच लॅपटॉपमध्ये बदलता येत नाही म्हणून आधी विचारायचं, रॅम स्लॉटमध्ये आहे की बोर्डावर सोल्डर केलेली? आपल्याकडच्या बऱ्याच बजेट मॉडेलमध्ये ८ जीबी बोर्डावर आणि शेजारी एक रिकामा स्लॉट असतो. हे उत्तम. आत्ता ८ वर घ्या, सहा महिन्यांनी ८ चा एक स्टिक टाका, १६ पण होते आणि दोन चॅनल (रॅमकडे जायचे दोन रस्ते) झाल्यामुळे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पण जरा पळायला लागतं. एक अडचण अशी की २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी माल उचलल्यामुळे, तेव्हा "नंतर टाकू" म्हणताना आजचा भाव विचारून मगच ठरवा. रॅम सोल्डर केलेली असेल आणि स्लॉट नसेल, जसं बहुतेक पातळ प्रीमियम मॉडेलमध्ये असतं, तर १६ पेक्षा कमी घेऊच नका.

एसएसडीत ५१२ पुरते. एनव्हीएमई (वेगवान एसएसडीचा प्रकार) लिहिलंय ना एवढं बघा. ईएमएमसी लिहिलं असेल तर तो फोनच्या जातीचा स्टोरेज, बोर्डावर चिकटलेला, पुढे वाढत नाही आणि विंडोज अपडेट चालू असताना चहा करून पिऊन होतो.

पायरी ६: बॅटरी तासांत नाही, वॉट-अवरमध्ये वाचा

"१० तास बॅटरी" हे कंपनी कुठल्यातरी अंधाऱ्या खोलीत कमी ब्राइटनेसवर मोजते. तुम्ही वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते बघा, खाली स्टिकरवर किंवा स्पेक्समध्ये असतंच. बजेटमध्ये ३८ ते ४२ असतं, यू प्रोसेसरवर म्हणजे ४-५ तास धरा. ५० च्या पुढे असेल तर कॉलेजचा दिवस निघतो. बॅटरी स्क्रूने बसवलेली आणि बदलता येणारी असते बहुतेक विंडोजवाल्यांत, तीन वर्षांनी ३-५ हजारात नवी पडते, त्यामुळे बॅटरी कमी म्हणून लॅपटॉप नाकारू नका. ज्यांना दिवसभर फिरायचंय त्यांचं मात्र वेगळं.

पायरी ७: वॉरंटी तुमच्या पिनकोडवर तपासा

पुण्या-मुंबईत बसून हे लक्षात येत नाही. ऑनसाइट म्हणजे माणूस घरी येतो, कॅरी-इन म्हणजे तुम्ही जायचं. माझा एक मित्र गडहिंग्लजचा, त्याला स्क्रीनच्या एका पट्ट्यासाठी कोल्हापूरच्या तीन खेपा पडल्या, एक दाखवायला, एक पार्ट आला नाही म्हणून परत यायला आणि एक आणायला. दरवेळी दिवस मोडतो. कंपनीच्या साइटवर किंवा हेल्पलाइनला पिनकोड सांगून ऑनसाइट मिळतं का ते आधी विचारा. बिझनेस सिरीजमध्ये, म्हणजे लेनोवोचं थिंकपॅड, डेलचं लॅटिट्यूड (२०२५ पासून नाव डेल प्रो), एचपीचं प्रोबुक या घराण्यात, ही सोय बरी असते आणि सुटे भागही वर्षानुवर्षं मिळतात.

वाढीव वॉरंटी घ्यायची तर थेट कंपनीची घ्या, दुकानाच्या काउंटरवर मिळणारा तिसऱ्याचाच प्लॅन नको. आणि ॲक्सिडेंटल डॅमेज वेगळं असतं हे समजून घ्या. चहा सांडला, बसमध्ये रॅकवरून पडला, पावसात बॅग भिजली, हे साध्या वॉरंटीत येत नाही. हॉस्टेलवर राहणाऱ्यासाठी मी ते घ्यायला लावतो, घरच्या टेबलावरच्यासाठी नाही.

पायरी ८: वर्षाचा हिशेब मांडा

मामाला हे पटलं ते इथे. मी त्याला आकडे लिहून पाठवले.

३६ हजारांचा सगळ्यात साधा, तीन वर्षं रडतखडत चालला, तर वर्षाला १२ हजार. ६२ हजारांचा बऱ्या बॉडीचा, मध्ये एकदा ४ हजारांची बॅटरी, सहा वर्षं, तर वर्षाला ११ हजार. १ लाखाचा, सात वर्षं आणि शेवटी २५ हजाराला विकला असं धरलं, तर पावणेअकरा हजार. म्हणजे वर्षाला तिघं जवळजवळ सारखेच! फरक एवढाच की पहिल्यात तुम्ही रोज चिडता आणि तिसऱ्यात लाखभर रुपये आज एकदम खिशातून जातात. आणि तो बसच्या सीटवर विसरला तर एकदम लाखाला टोपी. म्हणून ज्यांच्याकडे पैसे आहेतच त्यांनी तिसरा घ्यावा, बाकी सगळ्यांनी मधला. पहिला कुणी घ्यावा? ज्याचं काम दिवसाला तासभर आणि लॅपटॉप घराबाहेर जाणार नाही त्याने. आमच्या आत्याने घेतलाय, ती त्यावर भजनी मंडळाचा जमाखर्च लिहिते आणि यूट्यूब बघते, मस्त चाललंय तिचं, तिला ९० हजारांचा घ्यायला लावणं म्हणजे पाप.

धंदा करणाऱ्यांनी अजून एक. जीएसटी नंबर असेल तर बिल त्या नंबरवर घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, ६० हजारांच्या बिलात साधारण ९,१५० टॅक्सचेच असतात आणि ते इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, मिळतात. वर इन्कम टॅक्समध्ये कॉम्प्युटरला ४० टक्के घसारा (वस्तू जुनी होते त्याची दरवर्षीची वजावट), अर्थात जीएसटी वजा जाऊन उरलेल्या रकमेवर. एवढं धरलं की मधला आणि वरचा यातलं अंतर बरंच कमी होतं, सीएला विचारून घ्या.

तिसरी वाट: जुना पण खानदानी

बजेट ३० हजारच असेल आणि वाढणार नसेल तर नव्या रद्दी लॅपटॉपपेक्षा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरून दुरुस्त केलेला, बिझनेस लॅपटॉप बघा. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात आणि ते घाऊक बाहेर पडतात. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास चौकशी करा, ऑनलाइनही मिळतात. २०१८ चा थिंकपॅड टी४८० घ्या उदाहरणार्थ, दोन बॅटऱ्या, एक आत आणि एक मागे, मागची चालू लॅपटॉपमध्ये काढून दुसरी लावता येते, रॅमचे दोन स्लॉट, कीबोर्ड असा की माझं आजही मन त्यावरून उठत नाही.

एकच लक्ष्मणरेषा, इंटेल आठव्या पिढीच्या खाली जायचं नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो. सातव्या पिढीचे लॅपटॉप म्हणूनच बाजारात ढिगाने आणि स्वस्तात दिसतायत, दुकानदार त्यावर विंडोज ११ आडमार्गाने टाकूनही दाखवेल, नको म्हणा. ओळख सोपी, आय५-८२५० मध्ये डॅशनंतरचा पहिला आकडा ८, तो पिढीचा. ७२०० असेल तर सातवी. दहावीपासून पुढे हा आकडा दोन अंकी असतो, १२३५ म्हणजे बारावी.

पायरी ९: घेताना आणि घेतल्यावर

दसरा-दिवाळीत आणि २६ जानेवारीच्या सेलला किमती उतरतात, जून-जुलैत विद्यार्थ्यांच्या ऑफर असतात. कॉलेजचं आयडी मिळेपर्यंत थांबता आलं तर थांबा. "नो कॉस्ट ईएमआय" पूर्ण नो कॉस्ट नसतो, व्याजाएवढी सूट आधी देतात पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच माथी. किमतीत विंडोज आहे का ते बघा, डॉसवाला, म्हणजे विंडोज नसलेला, ४-५ हजारांनी स्वस्त दिसतो तो उगाच नाही. ऑफिस कायमचं आहे की एका वर्षाचं तेही वाचा. आणि विंडोज "एस मोड" मध्ये, म्हणजे फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप्स चालतील असा, आला तर घाबरू नका, स्टोअरमधून फुकट बाहेर पडता येतं.

ऑनलाइन आला की बॉक्स उघडताना सलग व्हिडिओ करा. मग परत करायची मुदत संपायच्या आत हे सगळं उरका. स्क्रीनवर पांढरा, काळा, लाल असे पूर्ण रंग लावून मेलेले ठिपके शोधा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे किती स्लॉट वापरलेत ते दिसतं, दुकानदाराने सांगितलेल्याशी जुळवून घ्या. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग एक स्पेस, मग स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप केलं की बॅटरीचा अख्खा इतिहास फाइल होऊन मिळतो, त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्ज क्षमता यात नव्या लॅपटॉपला फार फरक दिसता कामा नये, दिसला तर तो माल शोरूममध्ये चालू राहिलेला आहे. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटी कुठल्या तारखेपासून धरलीये तेही बघा, कधीकधी ती बिलाच्या आधीची निघते, बिल पाठवलं की दुरुस्त करून देतात.

मामेबहिणीचं शेवटी ६१ हजारात जमलं. बिझनेस सिरीजचा १४ इंची, १.४ किलो, ३०० निट्स, सी चार्जिंग, ८ जीबी आणि एक स्लॉट रिकामा. दुकानात मामाने स्वतः एका बोटाने झाकण उघडून बघितलं आणि शेजारचा ३२ हजारांचाही तसाच उघडून बघितला, तो अख्खा उचलला गेला, मामा काही बोलला नाही. परवा तिचा फोन आला, "दादा, ८ ची रॅम केवढ्याला येते?" मी भाव सांगितला तर मागून मामाचा आवाज, "आत्ता राहू दे, दिवाळीत बघू."